गावाला नाव देणारे घराणे आणि गाव वसवणारे हात

१/५
पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल तळेगाव, वडगाव, कान्हे अशा क्रमाने थांबते. तळेगावाच्या नावाला एक घराणे जोडलेले आहे: दाभाडे. कान्हे या नावात मात्र कोणाचेही आडनाव नाही. मग या गावाला इतिहासच नाही काय?

२/५
तळेगाव दाभाड्यांनीच वसवले, असा समज सहज होतो. वस्तुतः दाभाडे हे तळेगावचे पाटील. म्हणजे गाव आधी, पाटीलकी नंतर. १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे शाहू महाराजांचे सेनापती झाले आणि घराण्याचा लौकिक वाढला. याच जिल्ह्यात शिरूरकडे तळेगाव ढमढेरे आहे. दोन तळेगावांतील भेद आजही या आडनावांवरूनच ओळखला जातो.

३/५
पाटीलकी हे वतन होते. ते वारशाने मिळे, भावाभावांत वाटले जाई, विकलेही जाई. दप्तरात वतनदाराचे नाव उरले. रान तोडून पहिले शेत करणाऱ्याचे उरले नाही.

४/५
शिवाय वस्ती घराण्यांहून पुष्कळ जुनी. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखात या मुलखाला ‘मामाल’ म्हटले आहे. तोच आजचा मावळ. भिक्षूंना दिलेल्या करजक गावाचाही तेथे उल्लेख आहे.

५/५
कान्ह्यासारख्या गावाचा इतिहास शेतांच्या, ओढ्यांच्या आणि देवराईंच्या नावांत असतो. जमिनीचे प्लॉट पडले की ती नावे प्रथम जातात. वडीलधाऱ्यांना विचारून ती आजच वहीत उतरवावीत.