मृगाचे वाहन

सासरी गेल्यावर मुलीला नवे घर, नवी माणसे आणि पुष्कळदा नवे नावही मिळते, हे सर्वश्रुत आहे. पण तिला नवे ऋतूही मिळतात, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. माझे माहेर फोंडा महालातले; मंगेशीच्या देवळातली आरतीची घंटा वारा अनुकूल असला तर आमच्या ओसरीवर ऐकू येई. तिकडे वर्षाचे दोनच भाग पडतात : पाऊस, आणि पावसाची तयारी. एप्रिल-मे हे महिने आमच्याकडे पुरुमेंताचे. सोलां वाळवायची, फणसाची साटां घालायची, मिरच्या, कांदे, सरपण आणि सुके मासे घरात भरून ठेवायचे, की मग आभाळ खुशाल कोसळू दे. १९७९ साली लग्न होऊन मी आदिलाबादेस आले. कोकणीत भांडणारी मुलगी पैनगंगेच्या काठच्या देशस्थ घरात कशी पडली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लिहिण्यास यजमानांची अनुमती नाही.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आदिलाबादेत त्याच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक. उरलेल्या दोन तृतीयांशांची भरपाई निसर्ग उन्हाने करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. अंगणात घातलेल्या कुरडया आणि सांडगे सकाळी ओले असतात ते दुपारी खडखडू लागतात. वाळवण आत आणायला गेलेली सूनही थोडीफार वाळूनच परत येते. 'रोहिणीत उखळे तडकतात' अशी एक तेलुगू म्हण शेजारच्या वदिनांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात शिकवली. मी ती अतिशयोक्ती समजून हसले, तेव्हा त्यांनी मला आपल्या परसातले तडकलेले उखळ दाखवले. पुढे डिसेंबर आला आणि पारा दहाच्या खाली उतरला, तेव्हा माझ्या ट्रंकेत एकही लोकरीचे वस्त्र नाही हे पाहून सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे थंडी पडतच नाही की तुम्ही तिला मोजीत नाही?"

हा मुलूखच असा, की येथे स्थिर काय आहे हे माणसाने नीट शोधून काढावे लागते. मामंजी नेहमी म्हणत, की घराचा उंबरा न ओलांडता आपण राज्ये बदलली. त्यांचा जन्म निजामाच्या अमलातला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात. मामंजींची धाकटी बहीण किनवटास दिलेली होती. ती भाकऱ्या थापीत असताना परराज्यात गेली, असे ते सांगत. पुढे २०१४ च्या जूनमध्ये तेलंगण झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि बासरची सरस्वती, जी आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाचा पाटीपूजनाचा देव, ती निर्मळ जिल्ह्यात गेली. तोवर मामंजी नव्हते. नाहीतर त्यांनी सरस्वतीच्याही स्थलांतराची नोंद केली असती.

पण राज्ये बदलली तरी शक बदलला नाही. तेलुगू आणि मराठी माणसाचे महिने एकच, अमावास्येला संपणारे. शालिवाहन शकही एकच. त्यामुळे ज्या दिवशी आमच्या दारात गुढी उभी राही, त्याच सकाळी वदिनांकडे उगादी असे. आम्ही कडुनिंबाचा पाला गूळ, हिंग आणि ओवा घालून वाटतो, आणि तो औषधासारखा डोळे मिटून गिळतो. त्या कडुनिंबाचा मोहोर, चिंच, गूळ, कैरी, तिखट आणि मीठ अशा सहा रसांची पच्चडी करतात आणि वाटीभर खातात. गुढीच्या साखरगाठी भिंतीवरून पलीकडे जात आणि पच्चडीची वाटी अलीकडे येई. सासूबाईंचे मत असे, की कडू ते कडूच असावे, त्यात कैरी घालून त्याचे लाड करू नयेत. तथापि वाटी रिकामीच परत जाई.

संध्याकाळी देवळात पंचांगश्रवण. तेलुगू पंचांगात प्रत्येक राशीपुढे त्या वर्षीचे उत्पन्न, खर्च, राजमान आणि अपमान हे चारही आकड्यांत दिलेले असतात. जगातल्या कोणत्याही अर्थमंत्र्याने अपमानाची तरतूद अशी आगाऊ जाहीर केल्याचे मी ऐकलेले नाही. एका वर्षी माझ्या राशीला उत्पन्न दोन आणि खर्च चौदा आला, तेव्हा मामंजी गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई यंदा माहेरी जाणार असे दिसते." साठ संवत्सरांची नावेही दोन्हीकडे तीच. २०२६ च्या पाडव्याला सुरू होणाऱ्या शके १९४८ चे नाव 'पराभव' आहे. लग्नपत्रिकेवर 'पराभवनाम संवत्सरे' असे छापून घेण्यास कोण नवरदेव राजी होईल, हे पाहण्यासारखे आहे.

आता मृगाकडे वळते. आपले सण चंद्राच्या मागे मागे पुढे होतात, अधिक मासाने पुन्हा सावरले जातात. पण पावसाची नक्षत्रे सूर्याची, त्यामुळे मृग दर वर्षी सात किंवा आठ जूनलाच यायचा. तेलंगणात त्या दिवसाला 'मृगशिरा कार्ती' म्हणतात, आणि त्या दिवशी मासे खाल्ले म्हणजे पावसाळा निरोगी जातो अशी समजूत आहे. सारा गाव सकाळी पिशव्या घेऊन मासळीबाजाराकडे निघतो. माझी अवस्था लक्षात घ्या. गोव्यात जूनच्या आरंभी यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते ती जुलैअखेरपर्यंत. म्हणजे माहेरची चूल ज्या सुमारास ताज्या मासळीला मुकते, त्याच सुमारास माझ्या सासरचे अख्खे गाव मासे रांधते, एक आमचे घर वगळून. वदिनांच्या स्वयंपाकघरातून वास येऊ लागला की सासूबाई मधल्या दाराच्या फटीत ओले फडके कोंबीत. मी गहू निवडायचे सूप घेऊन नेमकी त्या फटीशेजारी बसत असे. त्यांनी हे पाहिले नसेल असे मला वाटत नाही. पण त्यांनी मला तेथून उठवले नाही, आणि तिसऱ्या वर्षी फडके कोरडेच होते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला दमा होता. हैदराबादेत याच मृगाच्या दिवशी दम्याच्या रोग्यांना जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते गिळायला देतात. हजारो लोक दूरदूरहून येतात. त्याला नेण्याचे ठरले तेव्हा घरात मोठीच पंचाईत झाली. देशस्थाच्या पोटात मासा, आणि तोही जिवंत! चौकशी केल्यावर कळले, की शाकाहारी माणसांना तेच औषध गुळात घालून देतात. सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघ," त्या मला म्हणाल्या, "शहाण्या माणसाने रीत घातली म्हणजे तो गुळाचीही सोय करून ठेवतो." डॉक्टर मंडळी या प्रकाराला औषध मानीत नाहीत, आणि त्या मुलाचा दमा आटोक्यात आला तो त्यांच्याच उपचारांनी. पण 'गुळाची सोय' हा शब्दप्रयोग तेव्हापासून आमच्या घरात रूढ झाला, आणि पुढे तो फार मोठ्या प्रसंगी उपयोगी पडला.

आमची काळी जमीन आहे, कापसाची. घराण्याची रीत अशी, की मृग लागला त्या दिवशी शेतात नारळ फोडून सरकी टोबायला आरंभ करायचा. आदल्या रात्री पंचांग उघडून मृगाचे वाहन पाहायचे. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोठे आहे ते मोजून, नऊने भागून, जी बाकी उरेल तिच्यावरून हे वाहन ठरते. बेडूक, म्हैस आणि हत्ती ही पाण्यात रमणारी वाहने चांगली. कोल्हा व मेंढा हात आखडते घेतात. घोडा आला तर पाऊस डोंगरावर. अंकगणिताने निघालेल्या बेडकावर आमचे भावजी जितका विश्वास टाकीत, तितका त्यांनी विहिरीतल्या बेडकावरही टाकला नाही.

ही रीत खोटी होती असे मला म्हणायचे नाही. सरकी घरचीच असे, शेणमातीत घोळून पेरलेली. पाऊस लांबला आणि बी करपले, तर दुसऱ्यांदा पेरायला पुन्हा घरातलीच सरकी. नुकसान व्हायचे ते श्रमाचे. २००२ साली बीटी कापसाला सरकारची परवानगी मिळाली आणि काही वर्षांत बियाण्याचे पाकीट दर वर्षी दुकानातून येऊ लागले. पाकिटाचा भाव आज आठ-नऊशे रुपये. रीत तीच राहिली. तिची किंमत मात्र कोणी बदलली हे कोणाच्या लक्षात आले नाही. २००९ च्या जूनमध्ये देशभर पाऊस सरासरीच्या जवळजवळ निम्माच झाला. भावजींनी मृगाच्या दिवशी सगळे रान पेरून टाकले होते. पंधरा दिवस सगळे घर आभाळाकडे पाहत होते. अंकुर वर आले आणि वाळले. दुबार पेरणीसाठी जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. त्या वर्षी आमच्या घरात पंचांगातले वाहन कोणते होते हा प्रश्न कोणी तोंडातून काढला नाही.

पुढच्या वर्षी मृग जवळ आला तशी घरात दबक्या आवाजात बोलणी सुरू झाली. पेरावे तर पुन्हा पाटल्या, न पेरावे तर बापजाद्यांची रीत मोडते. भावजी जेवेनासे झाले. सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या. त्यांनी सात जूनच्या रात्री फोडलेल्या पाकिटातून सात सरक्या मोजून मागितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीवृंदावनामागे नारळ फोडला, काठीने सात भोके पाडली आणि एकेक दाणा टाकून म्हणाल्या, "झाली पेरणी. रान पेरायचे ते वीतभर ओल गेल्यावर पेरा." भावजी म्हणाले, "आई, पण रीत शेतात पेरायची आहे." त्यांनी शांतपणे विचारले, "गुळातले औषध पोटात गेले होते की नाही?" भावजींनी त्या दिवशी दोन भाकऱ्या अधिक खाल्ल्या.

त्या सात झाडांना भांडी घासलेले पाणी मिळे, त्यामुळे ती शेतातल्या कापसाला लाजवील अशी वाढली. त्यांच्यामध्ये कुरडू उगवला. कुरडू हे भावजींच्या लेखी तण, दिसले की उपटायचे. पण वदिनांच्या लेखी ते 'गुनुगु', बतुकम्मेचे फूल. भाद्रपदी अमावास्येला, ज्या दिवशी आमच्याकडे सकाळी पितरांची पाने वाढलेली असतात, त्याच संध्याकाळी तेलुगू बायका तरवड, कुरडू आणि झेंडूची फुले रचून बतुकम्मा मांडतात आणि तिच्याभोवती फेर धरतात. हे थेट दुर्गाष्टमीपर्यंत चालते. पितरांच्या दिवशी गाणी, हे सासूबाईंना आरंभी मुळीच मानवले नव्हते. आता त्या स्वतः खुरपे घेऊन कापसाभोवतालचे सगळे तण काढीत आणि कुरडू तेवढा राखीत. वदिनांची सून फुले न्यायला आली की त्या विचारीत, "आमचे पितर आज जेवून गेले, तुमच्या गाण्यात त्यांना एक कडवे आहे का?"

कार्तिकात त्या सात झाडांचा कापूस वेचला. सासूबाईंनी त्याच्या वाती वळायला घेतल्या. त्रिपुरीला साडेसातशे धाग्यांची वात लागते, आणि जैनथच्या लक्ष्मीनारायणाचा उत्सवही त्याच दिवसांत. बाजारचा कापूस न वापरता घरच्या झाडाच्या वाती देवाला लावायच्या, याचा त्यांना फार आनंद झाला होता. एवढ्यात कोणीतरी शंका काढली, की हा कापूस तर बीटी. देवाला चालेल काय? प्रश्न नित्याच्या गुरुजींकडे गेला. ते वयोवृद्ध, कानांनी थोडे मंद. त्यांनी पुष्कळ विचार करून विचारले, "बीटी म्हणजे कोणत्या गोत्राचे?" सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "काश्यप." गोत्र माहीत नसलेल्याचे गोत्र काश्यप धरावे हे गुरुजींनाही ठाऊक होतेच. वात लागली.

सासूबाई २०१७ च्या थंडीत गेल्या. सात सरक्यांचा नेम त्यांच्यामागे चालू आहे. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईस पोहोचला तो २५ जूनला. आमची सात झाडे तेव्हा सांडपाण्यावर बोटभर उंच झाली होती आणि रान कोरडे होते, पण त्याबद्दल कोणी हळहळले नाही. खरी परीक्षा २०२५ साली आली. त्या वर्षी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी उतरला. मृगाला अजून दोन आठवडे अवकाश, आणि आमच्या रानात वीतभर ओल! सासूबाईंनी पाऊस उशिरा आला तर काय करायचे ते सांगून ठेवले होते. लवकर आला तर काय, हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

पुतण्या भ्रमणध्वनीवर उपग्रहाची चित्रे पाहून म्हणाला, ओल आहे तर आजच पेरू या. भावजी म्हणाले, मृगाआधी आपल्या घराने बी मातीत टाकलेले नाही. दोन दिवस पिता-पुत्र एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "काकू, बाबांना सांगा, ढगांना नक्षत्र कळत नाही." "वहिनी, त्याला सांगा, नक्षत्राला ढग कळतात." शेवटी भावजींचेच चालले, आणि ते केवळ हट्टाने. पण मे संपता संपता पाऊस जो रुसला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. शिवारात ज्यांनी घाई केली होती त्यांच्यापैकी काहींना पाकिटे पुन्हा आणावी लागली. आमची वाचली. भावजींनी त्यावर एक अक्षर काढले नाही, पण त्या आठवड्यात ते मिशीवरून हात जरा अधिक वेळा फिरवीत होते.

मृगाच्या सकाळी नारळ घेऊन आम्ही वृंदावनामागे गेलो, तो तेथे सात रोपे आधीच दुपानी झालेली. पुतण्याने मे महिन्यातच, रान पेरू देत नाहीत म्हणून, रागारागाने सात सरक्या तेथे टोचल्या होत्या आणि रोज गुपचूप पाणी घातले होते. भावजींनी ती उपटायला हात घातला. मग काय वाटले कोण जाणे, काठी घेतली आणि शेजारी आपली सात भोके पाडली. त्या वर्षी आमच्या दारात कापसाची चौदा झाडे होती, मध्ये भरपूर कुरडू, आणि त्रिपुरीला वदिनांच्या देवघरातही आमच्याच वाती.