संदर्भकाल आणि इंग्रजीतील दोन पूर्णकाळ

इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ यांपैकी एकाची निवड घटना किती जुनी आहे यावरून होत नाही, तर ती कोणत्या क्षणापासून पाहिली जात आहे यावरून होते, हे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना प्रस्तुत लेखकाच्या वारंवार प्रत्ययास आले आहे. तत्त्वज्ञ हान्स रायकेनबाख यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात उक्तिकाल म्हणजे बोलण्याचा क्षण, घटनाकाल म्हणजे क्रिया घडल्याचा क्षण, आणि संदर्भकाल म्हणजे जेथून त्या क्रियेकडे पाहिले जाते तो क्षण, असे तीन बिंदू मानले आहेत. 'द ट्रेन हॅज लेफ्ट' या वाक्यात संदर्भकाल आणि उक्तिकाल एकच असतात. 'द ट्रेन हॅड लेफ्ट' या वाक्यात मात्र संदर्भकाल भूतकाळातील एखाद्या क्षणी, उदाहरणार्थ प्रवासी स्थानकावर पोहोचले त्या वेळी, स्थिर झालेला असावा लागतो.

'मी त्याला काल भेटलो होतो' हे मराठी वाक्य असा दुसरा क्षण न सांगताही स्वाभाविक वाटते, म्हणून विद्यार्थी 'आय हॅड मेट हिम यस्टरडे' असे लिहितो, जेथे इंग्रजीला साधा भूतकाळच अपेक्षित असतो. याउलट 'तो कालच आला आहे' या धर्तीवर 'ही हॅज कम यस्टरडे' असे लिहिले जाते, पण संपून गेलेला काळ दाखवणारे क्रियाविशेषण इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाला सहसा चालत नाही.

दोन घटनांपैकी आधीच्या घटनेला 'हॅड' लावावा, हा पाठ केलेला नियमही अपुरा ठरतो, कारण 'आफ्टर' किंवा 'बिफोर' यांनी क्रम स्पष्ट केला असेल, तर दोन्हीकडे साधा भूतकाळ पुरतो. सुट्या वाक्यांतील रिकाम्या जागा भरून घेण्यापेक्षा सलग परिच्छेद लिहून घेतल्यास, आणि प्रत्येक क्रियापदापूर्वी 'निवेदक या घडीला कोणत्या क्षणी उभा आहे' हा प्रश्न विचारल्यास, विद्यार्थ्यांची निवड अधिक अचूक होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. संदर्भकाल बहुधा आधीच्या वाक्याने ठरत असल्याने सुट्या वाक्यात तो विद्यार्थ्याला दिसतच नाही, आणि म्हणूनच या काळांचे अध्यापन परिच्छेदापासून सुरू व्हायला हवे.