निरोप पोहोचला का?

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी यंत्रांसाठी निरोपाची एक पद्धत तयार केली. तेलाच्या पाइपलाइनवर दुरून लक्ष ठेवायचं होतं आणि संपर्क होता उपग्रहावरून, म्हणजे महाग. म्हणून निरोप शक्य तितका छोटा हवा होता. या पद्धतीला एमक्यूटीटी म्हणतात. निरोपाच्या सुरुवातीचा ठरलेला भाग अवघ्या २ बाइटचाही असू शकतो.

तेलाशी आपला संबंध नाही. पण संपर्क तुटणं म्हणजे काय, हे अर्जुनी मोरगाव किंवा सालेकसा तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धानाला पाणी देणारी मोटार बांधीपाशी, माणूस गावात, लाइन रात्री केव्हातरी येणार आणि मोबाईलला रेंज असली तर असली. बोअरचं पाणी उतरलं आणि मोटार कोरडी चालत राहिली, तर वाइंडिंग जळते. ऐन रोवणीत हे परवडत नाही.

अशा मोटारीला जोडायच्या छोट्या चिपसाठी मी एक लायब्ररी लिहितो आहे. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्याने आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यावा असा तयार कोड. तो खुला आहे, कुणीही फुकट घ्यावा आणि बदलावा. मी स्वतः अशाच खुल्या कोडवर शिकलो. निक ओ'लिअरी यांची पबसबक्लायंट ही लायब्ररी आर्डुइनोवर हात बसवणाऱ्या कितीतरी जणांनी वापरली आहे. तिच्यातून निरोप फक्त पहिल्या दर्जाने पाठवता येतो, ही मर्यादा त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

दर्जे तीन आहेत. पहिला, म्हणजे शून्य: निरोप एकदा पाठवायचा, पोहोचला तर पोहोचला. दुसरा: पावती येईपर्यंत पुन्हा पाठवायचा, मग तो दोनदा पोहोचण्याची शक्यता राहते. तिसरा: नेमका एकदाच पोहोचवायचा, त्यासाठी देवघेव जास्त. मी दुसरा निवडला. पण त्यासाठी हुकूम नीट लिहावा लागतो. ‘मोटारीची स्थिती उलटी कर’ हा हुकूम दोनदा गेला, तर चालू झालेली मोटार बंद पडते. ‘मोटार बंद कर’ हा दहादा गेला तरी बिघडत नाही. शिवाय प्रत्येक हुकमाला मुदत हवी. संध्याकाळचा ‘चालू कर’ रेंज आल्यावर मध्यरात्री पोहोचला, तर तो पाळायचा नाही, टाकून द्यायचा.

पावतीतही एक गोम आहे. ती मधल्या सर्व्हरची असते, मोटारीची नव्हे. अडत्याने धान ताब्यात घेतलं म्हणजे ते गिरणीत पोहोचलं असं होत नाही. म्हणून माझ्या लायब्ररीत ‘यशस्वी’ हा शब्दच नाही. तिथे तीन उत्तरं आहेत: पाठवला, पोहोचला आणि माहीत नाही. ‘पोहोचला’ तेव्हाच, जेव्हा मोटारीजवळचा सेन्सर करंट मोजून स्वतः उलट निरोप देतो. शेजारचे एक शेतकरी मला म्हणाले होते, “भाई, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगा. मी उठून जाऊन पाहीन.” त्यांचं हे वाक्य मी कोडमध्ये बसवायचा प्रयत्न करतो आहे.

एमक्यूटीटीत याची एक सुंदर सोय आहे. तिचं नावच वसीयत, म्हणजे मृत्युपत्र. जोडणी होतानाच यंत्र सर्व्हरकडे एक निरोप ठेवून देतं: मी अचानक गप्प झालो तर हे सगळ्यांना सांगा. ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ काही ऐकू आलं नाही, की सर्व्हर तो निरोप जाहीर करतो. वसीयत वेळेत लिहून ठेवावी ही ताकीद आपल्या घरांत नवी नाही. यंत्राच्या शांततेचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा कुणी काढू नये, यासाठी ती आहे.

खुल्या कोडच्या परवान्यात बहुधा एक कलम असतं: कोड आहे तसा घ्या, कसलीही हमी नाही. माझ्याही परवान्यात आहे, आणि असायला हवं. फुकट देणाऱ्याला कोर्टात ओढलं, तर कुणी काही देणार नाही. पण कायद्याने सुटलो म्हणजे अमानतीतून सुटलो असं मला वाटत नाही. उपयोगी इल्म मागे ठेवणं ही सदका-ए-जारिया, माणसानंतरही चालू राहणारी नेकी, असं आपण मानतो. मग त्या विहिरीचा कठडा पक्का आहे की नाही, हेही पाहायला नको का? चुकीचा दिलासा देणारा कोडही माझ्यानंतर चालूच राहील.

म्हणून माहितीच्या पानावर पहिल्यांदा मर्यादा लिहिल्या आहेत, आणि त्या मराठीत. इंग्रजी प्रत आहेच. पण देवरीच्या पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलाने मोटारीला तार जोडण्याआधी ‘मुदत संपलेला हुकूम’ आणि ‘माहीत नाही’ हे शब्द आपल्या भाषेत वाचलेले असावेत. सध्या पाठवायचे निरोप लाइन गेल्यावर पुसले जातात. ते चिपमध्ये जपून ठेवायचं काम बाकी आहे, आणि तेही त्या पानावर लिहिलेलं आहे.