वाऱ्याचे भांडवल

गेल्या मे महिन्यात मेढ्यास एका परिचित कुटुंबाकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. महाबळेश्वराहून उतरणाऱ्या वेण्णेच्या त्या खोऱ्यात दुपारी झाडाचे पानही हलत नव्हते. घरच्या आजी अंगणात वाळत घातलेले गहू गोळा करीत होत्या. चारच्या सुमारास डोंगरमाथ्यावर काळे ढग चढले, एकाएकी गार झोत आला आणि गोठ्याचा पत्रा उडून आजींपासून दोन हातांवर आदळला. पावसाचे थेंब त्यानंतर पडू लागले.

सायंकाळी धाकट्या नातवाने विचारले, "फादर, दिवसभर वारा नव्हता. मग एवढा जोर आला कुठून?"

"उन्हातून, बाळ," असे सांगून मी मोकळा झालो. रात्री ते उत्तर माझ्याच मनाला टोचू लागले. ऊन तर सकाळपासूनच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सारखे काचेचे पेले घेतले. एकात शाई घातलेले ऊन पाणी, दुसऱ्यात गार पाणी. गार पाण्याच्या पेल्यावर पुठ्ठा धरून तो ऊन पाण्याच्या पेल्यावर पालथा ठेवला व पुठ्ठा ओढला. क्षणात खळबळ उडून सारे पाणी रंगले. मग ऊन पाणी वर ठेवून पाहिले. दोन्ही थर शांत राहिले. उष्णता दोन्ही वेळी तेवढीच होती. फरक होता तो मांडणीचा.

ऑस्ट्रियाचे माक्स मार्गुलेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वादळाच्या शक्तीचा हिशेब असाच मांडला. जड, थंड हवा उबदार हवेखाली शिरते, तेव्हा एकंदर भार खाली येतो आणि मोकळी झालेली स्थितिज ऊर्जा वाऱ्याचे रूप घेते. १९५५ साली अमेरिकेचे एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखविले, की वातावरणातील एकूण साठ्यापैकी शेकडा एकाहूनही कमी भाग असा उपयोगी पडू शकतो. बाकीचे भांडवल पेटीतच राहते.

वळवात तापलेली दमट हवा वर चढते. बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता तिला आणखी उंच नेते. पडणाऱ्या पावसाचा काही भाग वाटेतच सुकतो. त्यामुळे तेथील हवा गार व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पत्रा उडविणारा झोत तो हाच; म्हणून तो पावसाच्या पुढे धावतो.

"म्हणजे खाली वारा नव्हता, तेव्हाच वर त्याची तयारी चालली होती?" मुलाने विचारले. मी होकार दिला.

आजी ऐकत होत्या. "मग गार वारा लागला, की गहू राहू द्यायचे आणि आधी घरात यायचे," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी गोठ्याच्या पत्र्याला दगडांऐवजी लोखंडी आकडे बसले.