चार तारखेची संध्याकाळ

दरवर्षी ४ डिसेंबरला आम्ही दादरला पोहोचतो. आम्ही म्हणजे दहा-बारा पोरंपोरी. कुणी नोकरीला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या रांगेत. पुस्तकांचं टेबल लावायचं, पाणी वाटायचं, हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या गावच्या लोकांपर्यंत पोहोचवायचं, हे आमचं काम. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या ४ तारखेला जे घडलं, त्याचा अभिमान नाही. ते आज लिहायचं आहे.

आमच्या टेबलासाठी फुटपाथचा एक कोपरा ठरला होता. तिथं एक पारधी कुटुंब राहत होतं. बाई, तिची सून, दोन लेकरं, एक निळी ताडपत्री आणि सिग्नलवर विकायच्या लिंबू-मिरचीची टोपली. आम्ही म्हणालो, "मावशी, तीन दिवस जरा पलीकडं सरका. बाबासाहेबांचा कार्यक्रम आहे." ती काही बोलली नाही. बोचकं आम्हीच उचललं, तेही अगदी आदरानं. जाताना तिनं एवढंच विचारलं, "दादा, पलीकडं म्हंजी कुठं?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. पुस्तकं मांडून झाली. त्यातल्या अनेक पुस्तकांत बडोद्याची ती हकिकत होती.

आपल्यातल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात काही दिवस काढले. मग काठ्या घेऊन आलेल्या जमावानं तिथूनही बाहेर काढलं. शहरात बंगले होते, खोल्या होत्या, पण त्यांच्यासाठी जागा नव्हती. शेवटी बागेतल्या झाडाखाली बसायची वेळ आली. म्हणजे बेघरपणा हा विषय आपल्यासाठी परका नाही. ज्याला आपण बाप म्हणतो, त्याला शहरानं बेघर केलं होतं. पगार होता, पदवी होती, तरीही. छप्पर नसण्याचं कारण नेहमी गरिबीच असतं असं नाही. कुणाला जागा द्यायची आणि कुणाला नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

मुंबईनंही ते वेळोवेळी ठरवलं आहे. १८९६ ला प्लेग आला आणि तो श्रीमंतांच्या दारापर्यंत पोहोचेल या भीतीनं १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टनं दाट वस्त्या पाडल्या आणि चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षं काढली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शहराला वाटलं तर शहर घरं बांधतं. प्रश्न पैशाचा किंवा जागेचा नंतर येतो, आधी वाटण्याचा येतो.

१९८१ च्या भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उचलून शहराबाहेर धाडायचा आदेश निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या ऑल्गा टेलिस निकालात न्यायालयानं मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतं. पण त्याच निकालानं नोटीस देऊन हटवायची मुभाही ठेवली. आपण पहिला अर्धा भाग भाषणात सांगतो. पालिका दुसरा अर्धा अमलात आणते.

आता आकड्यांकडं या. शहरी बेघरांसाठीच्या सरकारी योजनेचा नियम आहे की दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांचा एक कायमचा निवारा हवा. तो चोवीस तास उघडा हवा आणि लोकांच्या कामाच्या जागेजवळ हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे निवारे झाले १२४ आणि जागा झाल्या १२ हजार ४००. त्याच जनगणनेनं मुंबईत मोजलेले बेघर ५७ हजारांहून जास्त आहेत, आणि हे फक्त एका रात्रीत मोजणाऱ्याला दिसलेले. नियम शंभर टक्के पाळला, तरी पाचातल्या चौघांनी उघड्यावरच झोपायचं! ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर आहे, तिथलं हे गणित आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, "अहो, आहेत तेच निवारे रिकामे असतात. या लोकांनाच रस्ता आवडतो." आम्हीही हे खरं मानायचो. मग त्या मावशीला विचारलं. ती म्हणाली, "बायांचं येगळं, बाप्यांचं येगळं. मग ल्योक कुठं झोपंल? टोपली कुठं ठिवू? पहाटं फुलबाजार गाठायचा, तवा दार कोन उघडंल?" तीन प्रश्नांत तिनं नियोजन सांगून टाकलं. कुटुंबासाठी खोली, सामानासाठी जागा, कामाच्या वेळेला उघडं दार. त्यासोबत पाणी, संडास, लेकरांना अंगणवाडी आणि जवळचा दवाखाना. कल्याण यालाच म्हणतात. नुसत्या गाद्या टाकल्या की झालं, असं समजणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या गादीवर एक रात्र काढून बघावी.

याउलट कायदा काय म्हणतो? १९५९ च्या भीक प्रतिबंध कायद्यानुसार पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही भिकारी ठरू शकतो आणि त्याला वॉरंटशिवाय पकडता येतं. २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरती या कायद्यातली गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पारध्यांना हे नवीन नाही. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ ला कागदावरून पुसला. फुटपाथवरून पुसला का?

मित्रहो, "एवढ्या लोकांची सोय कशी करणार?" असं कुणी विचारलं तर त्याला चैत्यभूमी दाखवा. ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात. मंडप उभा राहतो, टँकर येतात, फिरते संडास येतात, डॉक्टर बसतात. २०१७ ला ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा ऐन वेळी शाळा उघडून अनुयायांची सोय झाली. ही कुणाची मेहेरबानी नाही. आपण संख्येनं येतो, संघटित येतो, म्हणून हे होतं. त्या मावशीमागं कुणी नाही, म्हणून ७ तारखेला मंडप निघतो आणि तिची ताडपत्रीही उचलली जाते.

तिच्या मागं उभं राहणं आपलं काम नाही तर कुणाचं? आपल्यातले अनेक जण आता पक्क्या घरात राहतात. घराला बाबासाहेबांचं नाव देतात. चांगलंच आहे. पण आपली वस्ती संपते तिथं आपली चळवळ संपायला नको.

करण्यासारखं पुष्कळ आहे. बेघराला मतदार होता येतं, पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथं झोपतो तिथं रात्री येऊन अधिकाऱ्यानं खात्री करायची असते. अर्ज भरून द्या, आणि अधिकारी येईपर्यंत पाठपुरावा करा. वॉर्ड ऑफिसात माहितीचा अधिकार टाकून आपल्या वॉर्डात किती निवारे हवेत आणि किती आहेत ते विचारा. येत्या जनगणनेत जात नोंदवली जाणार आहे. बेघरांच्या मोजणीच्या रात्री आपली पोरं रस्त्यावर हवीत. फुटपाथवर कोणत्या जातीची माणसं झोपतात, हे एकदा देशाच्या कागदावर येऊ द्या.

गेल्या वर्षी ४ तारखेला आम्ही टेबल पलीकडं लावलं. अडचण झाली, पुस्तकंही कमी खपली. मावशीच्या सुनेचं नाव मतदारयादीत आलं आहे. मावशीचा अर्ज अजून अडकला आहे. आम्ही दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारतो. ती मात्र अजून तेच विचारते, "दादा, पलीकडं म्हंजी कुठं?"

जय भीम.