नकाशावर आपलं बोट

आज दिवसभर मुंबईच्या विकास आराखड्याचा विचार मनात घोळत राहिला. फेब्रुवारी 2015 मध्ये त्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा लोकांनी तो आपापल्या वॉर्डापुरता बारकाईनं वाचला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू गायब. मग ठिकठिकाणी सभा झाल्या, हरकतींचा ढीग लागला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावं लागलं. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला.

हे बळ कुठून आलं? 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानं हरकत नोंदवायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. पुण्यात तर 2006 पासून नागरिक महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी पदपथ, दिवे, बाकं अशी कामं सुचवू शकतात.

गल्लीत पाणी कुठं तुंबतं, शाळेसमोरचा रस्ता ओलांडताना मुलं कुठं अडतात, हे तिथं राहणाऱ्यालाच नेमकं ठाऊक असतं. ते ज्ञान कागदावर उतरलं नाही, तर नियोजन अपुरंच राहणार. म्हणून मनापासून सांगते, आपल्या भागाचा आराखडा एकदा तरी उघडून बघा, शेजाऱ्यांना दाखवा आणि मुदतीच्या आत आपलं म्हणणं लेखी द्या.