ओव्यांचा डबा

मुलांनो, आमच्या गिरडला कधी आला आहात का? वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. गावाजवळच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच तिथे डोकं टेकवायला जातात. त्या टेकडीवर पायाखाली गोल गोल दगड सापडतात. कुणी सुपारीसारखा, कुणी जायफळासारखा. खडकांचा अभ्यास करणारे सांगतात, की लाव्हारसाच्या खडकातल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं साचून असे गोळे तयार होतात. पण जुन्या लोकांची गोष्ट वेगळीच आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी म्हणे बाबांची टिंगल केली, आणि त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले! त्यांनी हात जोडून क्षमा मागितली, तेव्हा बाबांनी झाडाच्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला.

लहानपणी मला या गोष्टीतला दगडांचा भाग फार आवडायचा. आता पानांचा आवडतो. गेलेला माल परत मिळाला, केवढं नशीब! माझाही माल एकदा असाच दगड झाला होता. त्याचीच ही हकिकत.

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. 2019 साली आम्ही चौथीच्या मुलांना घेऊन एक उद्योग सुरू केला. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे जायचं आणि त्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर उतरवून घ्यायच्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या मात्र अजून कुणाकुणाच्या ओठांवर होत्या. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी तर ओव्यांची खाणच होती. तीन दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर बसलो. त्रेचाळीस ओव्या झाल्या. मुलं बोटांवर मोजत होती, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. शेवटी आजीनं मोबाइलकडे बोट दाखवून विचारलं, "बापू, माहा आवाज याच्यात किती दिवस राहीन?"

मी छाती फुगवून म्हणालो, "कायमचा, आजी!"

मोबाइल भरला, तसं सगळं मी एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि मोबाइलमधून पुसून टाकलं. म्हणजे प्रत उरली एकच. 2020 च्या दिवाळीनंतर आजी वारली. पुढच्या जुलैत एका रात्री वीज गेली, अंधारात माझा पाय वायरीत अडकला आणि टेबलावरची डिस्क फरशीवर आदळली. पुन्हा जोडली, तर आतून आवाज यायला लागला. टक्... टक्... टक्.

असं का होतं, ठाऊक आहे? हार्ड डिस्कच्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. त्यांच्यावर वाचणारी सुई अगदी न टेकता तरंगते. मधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर! आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. अशा यंत्राला फरशीवर आपटल्यावर त्यानं काय करावं? नागपूरपर्यंत खेटे घातले. काही मिळालं नाही. आजीच्या नातीनं एकदा शाळेत विचारलं, "सर, आजीचं लावा ना." मी काहीतरी सबब सांगितली. दुसऱ्यांदा मात्र खरं सांगावं लागलं. ती काही बोलली नाही, फळ्याकडे बघत बसली.

मग ठरवलं, आता असा डबा बांधायचा की त्यातली एक डिस्क मेली तरी आतला माल मरणार नाही. याला म्हणतात घरचा साठवण सर्व्हर. नावाला भिऊ नका. साधा कॉम्प्युटर, पण खेळ, टायपिंग वगैरे काही न करता नुसता कोठीसारखा साठवत बसणारा. घरातल्या कुठल्याही मोबाइलवरून वायफायनं त्यात माल टाकावा, त्यातून काढावा.

कोठी बांधायची तर आधी धान्य किती, ते मोजायला नको का? या गणितात मला फार मजा आली. चांगल्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं घेतात. प्रत्येकाला 2 बाइट. म्हणजे सेकंदाला 88,200 बाइट. आता याला 3600 नं गुणा बरं! तासाला जवळजवळ 318 मेगाबाइट झाले. चारशे तासांच्या ओव्या, गप्पा, गोष्टी धरल्या तरी पाऊण टेराबाइटसुद्धा लागत नाही, टेराबाइटचा आठवा भागच पुरतो. फोटो 2 लाख धरले, प्रत्येकी 4 मेगाबाइट, तर 0.8 टेराबाइट. खरा राक्षस म्हणजे व्हिडिओ. मोबाइलवर तासाभराचं चित्रण साडेसात-आठ गिगाबाइट खातं. माझ्याकडे शाळेची स्नेहसंमेलनं होती. शिवाय शेजारीपाजारी आपापल्या लग्नांच्या जुन्या सीडी घेऊन येऊ लागले, "सर, याचं पण काही करा." पाचशे तास धरले, जवळपास 4 टेराबाइट. एकूण बेरीज पाचच्या घरात. दरवर्षी ती वाढणारच. म्हणून कोठी 12 टेराबाइटची ठरवली.

शेजारच्या काकूंनी मला फोनवर "चार-चार टीबीचे चार" म्हणताना ऐकलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या. कुणाकुणाला झाला म्हणे!

गंमत म्हणून सांगतो. आयबीएम कंपनीनं 1956 साली पहिला हार्ड डिस्क असलेला कॉम्प्युटर काढला. त्याच्या डिस्कला दोन दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि माल मावायचा 5 मेगाबाइटच्या आसपास. तुमच्या मोबाइलमधला एक फोटो!

आता मुख्य युक्ती. ती मी वर्गात चार स्टीलचे डबे घेऊन शिकवली. पहिल्या डब्यात 7 चिंचोके, दुसऱ्यात 5, तिसऱ्यात 9. चौथ्यात चिंचोके नाहीत, नुसती चिठ्ठी. तिच्यावर बेरीज, 21. मग एका मुलाला म्हटलं, कुठलाही एक डबा लपव. त्यानं दुसरा लपवला. वर्ग ओरडला, "पाच!" कसं ओळखलं? 21 मधून 7 आणि 9 वजा केले. बस्स, एवढंच! सर्व्हरमध्ये चार डिस्क असतात. तीन डिस्कांएवढा माल आणि एका डिस्कएवढ्या चिठ्ठ्या. फक्त तिथे चिंचोक्यांऐवजी 0 आणि 1 असतात आणि चिठ्ठीवर बेरजेऐवजी सम की विषम एवढंच लिहिलेलं असतं. चिठ्ठ्याही एकाच डिस्कवर न ठेवता चौघींवर वाटून ठेवतात. याला ‘रेड’ म्हणतात. लाल रंगाशी काही संबंध नाही हं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 1988 साली या पद्धतीवर निबंध लिहिला आणि हे नाव रूढ झालं. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा जथा वापरा, हा त्यांचा विचार. शिक्षकाच्या खिशाला पटण्यासारखा.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, दोन डबे हरवले तं?"

मी म्हटलं, "मग संपलं." आणि पुढचा धडा काढला. तो प्रश्न तेव्हाच नीट ऐकायला हवा होता.

हिंगणघाटहून एक जुना कॉम्प्युटर आणला. पंखा बदलला, पेटीतली धूळ झटकली. डिस्क मात्र नव्या घेतल्या. पगार जपून सात महिन्यांत चार, आणि मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून. एकाच घाण्यातून निघालेल्या चार डिस्क असतील तर एकीचा दोष चौघींत असायचा. लिनक्सवर चालणारी फुकट प्रणाली टाकली. 2022 च्या मार्चमध्ये माझी कोठी सुरू झाली.

पण ठेवायची कुठे? बाहेरच्या खोलीवर टिनाचं छप्पर. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. त्या खोलीत माणूस शिजतो, डिस्कचं काय घेऊन बसलात! कूलरसमोर ठेवावी, तर ओली हवा. मधलं घर मातीच्या भिंतींचं, थंडगार. पण तिथे भाव वाढेल या आशेनं बाबांनी छतापर्यंत कापूस रचलेला. बाबा म्हणाले, "एका कोपऱ्यात मांड तुझी मशीन." मांडली. पंधरा दिवसांत पंख्यानं आत ओढलेला कापूस इतका साचला, की पेटी उघडली तर आत लहानशी गादीच! मग खिडकीच्या जाळीचा तुकडा तोंडावर बांधला आणि दर रविवारी तो ब्रशनं झाडायचा नेम केला.

विजेचाही हिशोब केला. मशीन चालू असताना 65 वॅट घेते. दिवसरात्र ठेवली तर महिन्याला 47 युनिट. म्हणून ती संध्याकाळी चारच तास चालवतो, आठ युनिटांत भागतं. लिहिता लिहिता वीज गेली तर घोटाळा होऊ नये म्हणून यूपीएस लावला. वीज गेली की तो पीं पीं ओरडतो आणि मशीन स्वतःच शहाण्यासारखी बंद होते.

मग परीक्षा घेतली. शाळेतली सात-आठ मुलं घरी बोलावली. एका बाईच्या ओव्या लावल्या आणि चालू मशीनमधून तिसऱ्या डिस्कची वायर उपटली. माझाच हात थरथरत होता. ओव्या थांबल्या नाहीत! मुलांनी टाळ्या पिटल्या. ती डिस्क पुन्हा जोडून बाकी तिघींवरून तिची भरपाई व्हायला साडेनऊ तास लागले.

इथे गोष्ट संपली असती तर मी मिरवलो असतो. पण ऑगस्टमध्ये, जागा आवरताना, ‘नको’ समजून मी चुकीचा फोल्डर पुसला. मशीननं निमूटपणे, प्रामाणिकपणे, तो चारही डिस्कांवरून पुसला. तिला काय कळणार, गुरुजींचा मेंदू ठिकाणावर नाही म्हणून? त्या दिवशी मागच्या बाकावरचा प्रश्न मला ऐकू आला. चार डिस्क असल्या तरी प्रत एकच होती. एक वीज, एक आग, एक चोर, एक बावळट गुरुजी, आणि खेळ खलास.

नशीब, ताईकडे हिंगणघाटला मी 8 टेराबाइटची एक डिस्क सहज म्हणून ठेवली होती. तिच्यात एकोणीस दिवसांपूर्वीचा सगळा माल निघाला. मधल्या एकोणीस दिवसांतले दोन सोहळे आणि एका आजोबांच्या गोष्टी गेल्या त्या गेल्याच. आता अशा दोन डिस्क आहेत. एक ताईकडे, एक माझ्याकडे. दर महिन्याला एक पायमोज्यात गुंडाळून, डब्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन जातो आणि दुसरी घेऊन येतो. ताई म्हणते, "अरे, तुझ्या गावचं दप्तर माझ्या कपाटात कशाला?"

अहो, पण दप्तर असंच टिकतं! अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ऐकलंय ना? तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, आपल्या मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. मग हिराइसा नावाच्या शिष्येला लीळा पाठ होत्या, तिच्या तोंडून त्या पुन्हा लिहून घेतल्या. आणि ओव्यांचंच म्हणाल तर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. कागदावर, टेपवर, कॉम्प्युटरवर, एवढ्या ठिकाणी त्या राहिल्या. 2017 पासून ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर त्या जगाला ऐकायला मिळू लागल्या. त्यांच्यापुढे माझी कोठी म्हणजे मुंगीचं वारूळ. पण वारुळातही दाणे असतातच ना!

हिराइसेची गोष्ट मी वर्गाबाहेर त्या आजीच्या नातीलाही सांगितली. ती आता सातवीत आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले येतात जी, आजीच्या दोन-चार."

मी मोबाइल पुढे केला, तर तिला एकही आठवेना. दोनदा प्रयत्न केला, लाजून उठून गेली. मग तिनंच सुचवलं, जातं काढू. कोपऱ्यातलं जातं धुतलं, पुसलं, ओंजळभर गहू टाकले. दोन फेरे झाले आणि पहिली ओवी आली. मग दुसरी. मध्येच अडली की खुंटा हातात धरून तशीच थांबायची, आणि स्वयंपाकघरातून तिची आई पुढची ओळ म्हणायची. त्या माउलीलाही येतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! त्रेचाळिसांपैकी अकरा आल्या. आवाज आजीचा नाही. पण एका जागी आजी जसा श्वास घ्यायची, तसाच ती घेते.

सात मिनिटांचं मुद्रण, 37 मेगाबाइट. त्याच रात्री कोठीत टाकलं, जवळच्या डिस्कवर उतरवलं आणि शनिवारच्या एसटीनं हिंगणघाटला नेलं. निघताना तिच्या आईनं दारातूनच हाक मारली, "सर, पीठ लई जाड पडलं जी. पोरीले सांगा, उरलेल्या ओव्या म्हणून पुन्हा दळून दे म्हणा."